बांधावरचा ओंडका : जळण करायचे की भांड्याचा ठोकळा?
– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गळीत हंगाम आटोपला की आपल्याकडे बांधबंदिस्तीची कामे निघतात. उसावर सावली धरणारी बाभूळ, वाळून गेलेला आंबा, वळवाच्या वादळात आडवा झालेला शिसम यांवर कुऱ्हाड चालते. व्यापारी बांधावर येतो, वजनावर जळणाचा भाव ठरवतो आणि वीस-पंचवीस वर्षे वाढलेले झाड एका दुपारी ट्रॉलीत भरले जाते. फांद्या जळणाला गेल्या तर हरकत नाही. पण खोडाचा सरळ, निरोगी भाग हा लाकडी वाडगे, परडी, पोळपाट करणाऱ्या कातारी कारागिराचा कच्चा माल आहे. पूर्वी घरोघरी पीठ मळायला लाकडी काठवट असे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. सावंतवाडीची कातीव आणि रंगीत लाकडी कामे तर सर्वांना ठाऊक आहेत.

मग हा माल कातारी का घेत नाही? बहुतेक वेळा कारण एकच असते. आपण ओंडका नेऊन दाखवतो तेव्हा तो उललेला असतो.

ओंडका का उलतो?

तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते, उतारा घटतो. म्हणून ऊस २४ तासांत गव्हाणीत पडावा असा आमचा आग्रह असतो. ओंडक्याचे गणित याच जातीचे आहे.

ओल्या लाकडात पाणी भरपूर असते. ते सालीच्या बाजूने हळू आणि कापलेल्या तोंडाने दहा-पंधरा पट वेगाने बाहेर पडते. त्यामुळे दोन्ही तोंडे आधी वाळतात, आक्रसतात. पोट मात्र ओलेच राहते. दुसरी गोष्ट अशी की, लाकूड सर्व बाजूंनी सारखे आक्रसत नाही. लांबीत ते जवळजवळ घटतच नाही. गाभ्याकडून सालीकडे थोडे घटते आणि वाढीच्या वर्तुळांच्या अंगाने त्याच्या सुमारे दुप्पट घटते. ही ओढाताण अखंड गोल ओंडक्याला सोसत नाही आणि मधल्या भेंडापासून सालीपर्यंत चीर जाते. एप्रिल-मेच्या उन्हात हे काम आठ दिवसांत उरकते.

यावर उपाय एकच. ओंडका लवकर उभा चिरून मधला भेंड काढून टाकायचा. ओढाताणीचे मूळच गेले की अर्धुकाला वाळताना थोडे वाकायला जागा मिळते आणि चीर टळते.

तोडताना घ्यायची काळजी

शक्य असेल तर तोड थंडीत करावी. खोडाचे लगेच तुकडे पाडू नयेत. जेवढे लांब ठेवता येईल तेवढे लांब, सावलीत, खाली दोन दांडकी घालून ठेवावे. तोंडांना त्याच दिवशी वितळलेले मेण किंवा जाड ऑईलपेंट लावावा. काहीच हाताशी नसेल तर शेणमातीचा जाड लेप देण्याची जुनी रीतही तात्पुरती चालते.

बांधावरच्या झाडात कुंपणाच्या तारा आणि खिळे हमखास असतात. बाभळीच्या लाकडात लोखंड असेल तिथे काळानिळा डाग दिसतो. तो दिसला की करवत थांबवावी. साल मातीने भरलेली असेल तर धुऊन किंवा तासून घ्यावी, नाहीतर पात्याची धार अर्ध्या तासात जाते.

ठोकळा कसा काढावा

१) ओंडक्याच्या टोकाचा पाच ते आठ सें.मी.चा उललेला भाग कापून टाकावा. नंतर जेवढी जाडी तेवढीच लांबी, वर दोन-तीन सें.मी., असा तुकडा घ्यावा. ४० सें.मी. जाडीचा ओंडका असेल तर ४२ सें.मी. लांबीचा तुकडा.

२) दोन्ही तोंडांवर भेंडातून जाणारी सरळ रेघ खडूने मारावी. आधीच चीर गेली असेल तर रेघ त्याच चिरेवरून घ्यावी, म्हणजे खराब भाग वाया जाणाऱ्या पट्टीतच जातो.

३) या रेघेच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सें.मी. सोडून दोन काप घ्यावेत. मधली पाच सें.मी.ची फळी निघते. तिच्यातला भेंड काढला की दोन्ही कडांच्या पट्ट्या कमी वाकणाऱ्या असतात; त्यांचे लहान पाट, लाटणी होतात. उरलेली दोन अर्धुके म्हणजे वाडग्याचे ठोकळे.

४) अर्धुकाची सालीकडची पाठ तासून सपाट करावी. ही वाडग्याची बैठक. भेंडाकडची रुंद बाजू हे तोंड. ४० सें.मी.च्या ओंडक्यातून साधारण ३६ सें.मी. तोंडाचे आणि १३ सें.मी. उंचीचे दोन वाडगे बसतात.

५) तोंडावर कंपासने वर्तुळ आखून कोपरे उडवावेत. वखारीतल्या पट्टा करवतीवर हे काम सुबक होते. गोल झालेल्या ठोकळ्याच्या सगळ्या कडेला लगेच मेण द्यावे.

चेनसॉने चिरताना ओंडका आडवा ठेवून, पाते रेषांच्या दिशेला धरून कापावे. लांब दोऱ्यांसारखा भुसा निघतो आणि काम झपाट्याने होते; मात्र तो भुसा मशीनमध्ये अडकतो, अधूनमधून काढावा. ओंडका उभा करून तोंडातून कापायला घेतला तर नुसती पूड पडते आणि वेळ जातो. ओंडक्याच्या दोन्ही अंगांना फाचर मारल्याशिवाय मशीन सुरू करू नये. पात्याचे टोक कशालाही टेकले तर मशीन उसळून अंगावर येते. धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक सुटे ठेवून या कामाला उभे राहू नये. सवय नसलेल्याने वखारीतूनच चिरून घ्यावे, हे उत्तम.

पुढे काय?

कातारी ओला ठोकळा सांगाड्यावर चढवून आधी जाडसर कातून ठेवतो. भिंतीची जाडी तोंडाच्या दहावा हिस्सा, म्हणजे ३६ सें.मी.ला साडेतीन सें.मी. धरतात. मग तो सावलीत काही महिने वाळतो आणि थोडा लंबगोल होतो. त्यावर तारीख व वजन लिहून ठेवावे. महिन्याला वजन घटायचे थांबले की वाळला असे समजावे. त्यानंतर पुन्हा कातून अखेरचा आकार देतात.

कोणते झाड?

बाभूळ व शिसम टणक आणि टिकाऊ. आंब्याचे लाकूड कातायला सोपे, पण त्याला डाग आणि किडा लवकर लागतो, म्हणून त्याच्या बाबतीत दिरंगाई अजिबात नको. कोणत्याही झाडाचे सालीलगतचे पांढरे लाकूड भुंगा आधी धरतो. निलगिरी फार पिळते. वाकड्या खोडात आणि आडव्या फांदीत भेंड एका अंगाला सरकलेला असतो. तो ठोकळा वाळताना हमखास वाकडा होतो, तो जळणालाच ठेवावा. कण्हेर व बिब्बा ही झाडे खाण्याच्या भांड्याला कदापि वापरू नयेत.

दोन सूचना

पहिली सूचना कायद्याची. आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग, खैर ही झाडे १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. ती स्वतःच्या बांधावर असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. इतर झाडांचीही तोड व वाहतूक करण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

दुसरी सूचना व्यवहाराची. आधी गिऱ्हाईक, मग करवत. जवळच्या कातारी किंवा सुतार कारागिराला भेटून कोणते लाकूड, किती तोंडाचे, किती उंचीचे लागते ते विचारावे आणि भाव ठरवूनच ओंडके पाडावेत. या कामासाठी उभे, हिरवे झाड तोडा असे आम्ही मुळीच सांगत नाही. जे पडले आहे, जे काढावेच लागणार आहे, त्याचे जळण होऊ नये एवढेच सांगणे आहे. आणि एक झाड काढले तर पावसाळ्याच्या तोंडाला बांधाच्या कडेला, उसाला सावली पडणार नाही अशा उत्तरेच्या अंगाला, दोन रोपे लावावीत.