मुरगाव–कॅसलरॉक रेल्वे

मुरगाव–कॅसलरॉक रेल्वे : पोर्तुगीज अमदानीतील गोव्याचे मुरगाव बंदर आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरहद्दीजवळील कॅसलरॉक (उत्तर कन्नड जिल्हा, कर्नाटक) यांना जोडण्यासाठी बांधलेला लोहमार्ग. लांबी सु. ८२ किमी.

मुरगाव हे उत्तम नैसर्गिक बंदर. तथापि त्याला माल पुरवू शकणारा धारवाड–हुबळीचा कापूस पिकविणारा प्रदेश सह्याद्रीपलीकडे, ब्रिटिशांच्या अंमलाखाली होता. त्यामुळे हा प्रश्न स्थापत्याइतकाच राजनैतिकही होता. २६ डिसेंबर १८७८ च्या तहाने उभय सत्तांनी आपसांतील जकात रद्द केली व रेल्वेबांधणीस मान्यता दिली. गोव्यातील मीठ-उत्पादनाचे नियंत्रण ब्रिटिशांकडे गेले. त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीजांना प्रतिवर्षी ४ लाख रु. मिळू लागले. स्थानिक मिठागरांना मात्र याची झळ पोहोचली.

१८८१ मध्ये स्थापन झालेल्या वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे कंपनीने बांधकाम हाती घेतले. भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगीज शासनाने दिली. मडगाव, सावर्डेमार्गे कुळेपर्यंतचा भाग तुलनेने सुगम आहे. तेथून कॅसलरॉकपर्यंतचा सु. २६ किमी. चा घाट बोगदे व पूल यांवरून दूधसागर धबधब्याजवळून जातो. त्याचा चढ ३७ मीटरांस १ मी. इतका तीव्र आहे. हा मार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला. पलीकडचा मार्ग सदर्न मराठा रेल्वेने बांधला. दोन्हीकडे मीटरमापी रूळ असल्याने सरहद्दीवर माल एका गाडीतून दुसरीत चढवावा लागत नसे.

तह १८९२ मध्ये संपुष्टात आला व जकातीचा अडसर पुन्हा उभा राहिला. वाहतूक अपेक्षेइतकी न वाढल्याने हमीच्या व्याजाचा भार पोर्तुगीज तिजोरीवर पडला. १९०२ मध्ये मार्गाची व्यवस्था सदर्न मराठा रेल्वेकडे आली. गोवा मुक्तिलढ्याच्या काळात, १९५५ मध्ये भारताने आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा सरहद्दीपलीकडील रेल्वेवाहतूक थांबली. रूळ शाबूत असूनही बंदराचा पृष्ठप्रदेशाशी संबंध तुटला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर हा मार्ग भारतीय रेल्वेत समाविष्ट झाला.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्याचे रुंदमापी मार्गात रूपांतर करण्यात आले. पुढे दुपदरीकरणास पर्यावरणवाद्यांनी विरोध केला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिनईघाट–कॅसलरॉक–कुळे या अरण्यप्रदेशातील टप्प्यास मिळालेली वन्यजीवविषयक मंजुरी रद्द ठरविली. राजकीय सरहद्द नाहीशी झाली, तरी सह्याद्रीचा घाट या मार्गाच्या विस्तारातील कळीचा प्रश्न ठरला.