दंड भरला नाही तर वसुली कशी होते?

चेक परत गेला किंवा वजनमापाचा खटला झाला आणि कोर्टाने दंड केला, की बाजारात एक सल्ला हमखास मिळतो: ‘पैसे कशाला भरता? महिनाभर आत बसून या, हिशेब मिटला.’ हा सल्ला अर्धवट आहे आणि चेकच्या खटल्यात तर घातक आहे. म्हणून वसुलीचे नियम आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

दंड सुनावताना तो न भरल्यास किती कैद भोगायची, हेही कोर्ट बहुधा ठरवते. दंडाची नोंद कोर्टाच्या दफ्तरी होते. रक्कम आली नाही तर कोर्टापुढे दोन मार्ग असतात. एक, आरोपीची जंगम मालमत्ता जप्त करून विकण्याचे वॉरंट. दुसरा, जिल्हाधिकाऱ्यांकडे वॉरंट पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली. या दुसऱ्या मार्गाने मात्र आरोपीला अटक करता येत नाही. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२१ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६१ मध्ये आहे.

कैद पूर्ण भोगली तर एरवी वॉरंट निघत नाही. काढायचेच असेल तर कोर्टाला खास कारणे लिहून द्यावी लागतात. पण दंडातून फिर्यादीला भरपाई द्यायचा हुकूम असेल, तर ही सवलत नाही. चेकच्या खटल्यात दंड चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत होऊ शकतो आणि त्यातूनच भरपाई दिली जाते. स्वतंत्र भरपाईचा हुकूम असला तरी कैद भोगल्यानंतर वसुली होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले आहे. म्हणजे तुरुंगही भोगायचा आणि दुकानावर जप्तीही यायची!

दंड शिक्षेपासून सहा वर्षांपर्यंत वसूल करता येतो. कैद त्याहून मोठी असेल तर ती संपेपर्यंत. आरोपी मरण पावला तरी त्याची मालमत्ता सुटत नाही, हे वारसांनी ध्यानात ठेवावे.

सवलतीही आहेत. शिक्षा फक्त दंडाची असेल आणि पैसे लगेच जमत नसतील, तर वकिलामार्फत मुदत मागा. कोर्ट तीस दिवसांपर्यंत मुदत किंवा दोन-तीन हप्ते देऊ शकते आणि जातमुचलका घेऊन तोवर कैद स्थगित ठेवू शकते. थोडी रक्कम भरली तरी त्या प्रमाणात कैद कमी होते. दंड ८,००० रुपये आणि कैद चार महिने असेल, तर ६,००० भरल्यावर एका महिन्यात सुटका होते.

कारागिरांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. दुकानातला माल गिऱ्हाइकाचा किंवा भागीदाराचा असेल आणि तो जप्त झाला, तर खऱ्या मालकाला कोर्टात हक्क सांगता येतो. त्यासाठी माल घेताना चिठ्ठी लिहून ठेवा. आणि दंड भरलात, की पावती घेतल्याशिवाय कोर्टाची पायरी उतरू नका. पुढे कधी वॉरंट दारात आलेच, तर तोंडी खुलासा कामाला येणार नाही, पावतीच येईल.