न उतरणारं विमान

आकाशवाटा : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून निघून केपटाउनमार्गे अंटार्क्टिकातल्या भारताच्या 'मैत्री' तळावर जाणाऱ्या शास्त्रज्ञांचा प्रवास पाहिला. त्यांचं इल्युशिन मालवाहू विमान थेट बर्फाच्या धावपट्टीवर उतरतं. अंटार्क्टिकाला जाणारं आणखी एक विमान आहे. ते तिथे उतरतच नाही.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनी, मेलबर्नसारख्या शहरांतून क्वांटासची भाड्याने घेतलेली विमानं सकाळी उडतात, तीन-चार तास अंटार्क्टिकावर घिरट्या घालतात आणि रात्री त्याच विमानतळावर परततात. एकूण बारा-तेरा तास. मध्ये कुठे उतरणं नाही, म्हणून कागदोपत्री हा देशांतर्गत प्रवास. पासपोर्टवर शिक्का नाही. खिडकीवरून भांडणं नकोत म्हणून बहुतेकांना दोन आसनांचे पास देतात आणि अर्ध्या वाटेत जागा बदलायला लावतात. आपल्याकडच्या यष्टीत ही पद्धत आली तर किती बरं होईल!

ही उड्डाणं नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच होतात. आपल्या सातपुड्यात, डाब-तोरणमाळकडे गवतावरचं दव गोठतं, त्याच दिवसांत तिकडे सूर्य मावळत नाही. उत्तरेला नेमकं उलट. जानेवारी २०२१मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला येताना उत्तर ध्रुव ओलांडला, त्याचं कौतुक सर्वांनी वाचलं असेल. पण जानेवारीत तिथे अखंड रात्र असते. बर्फ पाहायचा तर ती वेळ कामाची नाही.

अशा वाटेवर वैमानिकाला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जेट इंधन उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागतं. टाकीचं तापमान त्या दिशेने सरकलं की विमान खाली आणावं लागतं किंवा वेग वाढवावा लागतो. दुसरी गोष्ट होकायंत्र. चुंबकीय ध्रुवाजवळ ओढ आडवी न राहता जमिनीकडे होते आणि सुई भरकटते. त्यामुळे दिशा ठरते ती संगणकात भरलेल्या अक्षांश-रेखांशांवरून.

आणि तिथेच १९७९ साली घात झाला.

एअर न्यूझीलंड १९७७पासून ऑकलंडहून अशा सहली नेत असे. सोबत बर्फाळ प्रदेशाचा जाणकार असायचा. कधी खुद्द एडमंड हिलरी. २८ नोव्हेंबर १९७९च्या विमानातही तेच जायचे होते, पण दुसरी कामं निघाली आणि त्यांचे मित्र पीटर मलग्रू गेले. आदल्या रात्री कंपनीने संगणकातले मार्गाचे आकडे बदलले होते. वैमानिकांना ते कुणी सांगितलं नाही. आपण मॅकमर्डो सामुद्रधुनीच्या सपाट बर्फावरून चाललो आहोत अशा समजात ते होते. प्रत्यक्षात समोर माउंट एरेबस होता, ३,७९४ मीटर उंच, म्हणजे तोरणमाळच्या तिपटीहून अधिक.

डोंगर दिसला कसा नाही? धुकं नव्हतं. मृतांच्या कॅमेऱ्यांतून मिळालेल्या फोटोंत हवा स्वच्छ दिसते. इथे 'व्हाइटआउट' समजून घ्यायला हवा. वर पांढऱ्या ढगांचा थर, खाली पांढरा बर्फ, मध्ये स्वच्छ हवा. प्रकाश दोहोंमध्ये इतका परावर्तित होतो की सावली म्हणून उरत नाही, आणि सावलीशिवाय डोळ्याला चढ कळत नाही. पुढे चढत जाणारा डोंगरउतार दूरवर पसरलेल्या सपाट मैदानासारखा दिसतो. पावसाळ्यात तोरणमाळच्या घाटात धुकं उतरलं की ड्रायव्हर गाडी हळू करतो, कारण आपल्याला दिसत नाही हे त्याला कळतं. व्हाइटआउटमध्ये नेमकं तेच कळत नाही. प्रवाशांना नीट पाहता यावं म्हणून विमान सुमारे १,५०० फुटांवर आणलं होतं. धोक्याचा इशारा वाजला तेव्हा हातात सहाएक सेकंद होते. २५७ जण गेले.

पहिल्या सरकारी अहवालाने ठपका वैमानिकांवर ठेवला. १९८१मध्ये न्यायमूर्ती पीटर मेहन यांच्या आयोगाने तो कंपनीवर टाकला. इतकं खाली येणं धाडसाचं होतं हे मान्य, पण ज्याला वाटच चुकीची दिली त्याला काय बोलायचं? माझं मत मेहन यांच्या बाजूने आहे. न्यूझीलंड सरकारने अधिकृत माफी मागितली ती २०१९मध्ये, चाळीस वर्षांनी.

एअर न्यूझीलंडने त्या सहली पुन्हा सुरू केल्याच नाहीत. ऑस्ट्रेलियातून त्या १९९४पासून परत निघू लागल्या, पण विमान आता १०,००० फुटांखाली येत नाही आणि जवळपास उंच भूभाग असला तर आणखी वर राहतं. कुणाला जायचंच असेल तर आधी ऑस्ट्रेलियाचा व्हिसा काढावा आणि तिकीट घेताना मधल्या रांगेतली स्वस्त जागा टाळावी. त्या रांगेतल्यांना खिडकीची अदलाबदल मिळत नाही.