कातडीखालचा पाट

एटापल्लीच्या जंगलात मोहफुले वेचण्याचा हंगाम म्हणजे अस्वलाचाही हंगाम. पहाटेच्या अंधारात माणसाची आणि त्याची अचानक गाठ पडली की पंजा बहुधा तोंडावरच बसतो. आमच्या शेजारच्या मामांचे नाक असेच गेले. कपाळाची कातडी वळवून नवे नाक करता येईल, असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा मामांनी मला विचारले, "बापू, तू शिकलेला. कपाळाची कातडी नाकावर आणली तं वाळणार नाही का?"

मी कला शाखेचा विद्यार्थी. उत्तराचा पहिला धागा मला इतिहासात सापडला. १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक व एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीचे नवे नाक त्याला बसवले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ही हकीकत १७९४ साली सचित्र छापली. त्या कारागिराने कातडी पूर्ण तोडली नव्हती. दोन डोळ्यांमधली पट्टी जोडलेली ठेवून ती सुमारे २५ व्या दिवशी कापली.

ही पट्टी म्हणजे बोडीतून बांधीत येणारा पाट. पाट शाबूत, तर धान हिरवे. नव्या जागेतून रक्त मिळू लागले की पाटाची गरज सरते.

परंतु या रक्तवाहिन्यांच्या वाटा माणसागणिक थोड्या वेगळ्या असतात. शिवाय पंजाच्या जखमेने पाट आधीच तुटला असेल तर? येथे सोनोग्राफी उपयोगी पडते. कानाला ऐकू न येणारा ध्वनी शरीरात सोडला, की वाहत्या रक्तावरून परतताना त्याची कंपनसंख्या बदलते. डॉप्लर या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये मांडलेले हे तत्त्व. पडद्यावर यंत्राकडे येणारे रक्त सहसा तांबडे, दूर जाणारे निळे दिसते. वाहिनी कोठून निघते, किती खोल आहे, किती रुंद आहे, हे पाहून सर्जन कातडीवर शाईने खुणा करतो व त्यानुसार तुकडा आखतो. कपाळावरची वाहिनी निकामी असेल, तर हाताची किंवा मांडीची कातडी घेण्याचा विचार होतो. अर्थात पाहणाराही तयारीचा हवा. पण सुरी लावण्यापूर्वीच हे कळणे, यातच रुग्णाचे हित आहे.

मामांना मी हे सारे समजावले. भुवईच्या आतल्या टोकाला बोट लावून ते म्हणाले, "पाट इथून जाते का?"

"हो मामा. आधी तोच पाहतील."

"मंग चाल, जाऊ."