जीवाणूंचे गुण वाहून नेणारे विषाणू

विषाणू मनुष्याला पीडा देतात, हे सर्वजण जाणतात. परंतु केवळ जीवाणूंनाच ग्रासणारे विषाणूही असतात आणि ते एका जीवाणूची जनुके दुसऱ्यापर्यंत पोहोचवतात, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात नॉर्टन झिंडर व जोशुआ लेडरबर्ग यांनी लावलेला हा शोध १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वाकड्या नळीच्या दोन बाजूंस त्यांनी साल्मोनेला जीवाणूंचे दोन वाण ठेवले. मध्ये जीवाणूंना ओलांडता न येणारी सूक्ष्म गाळणी होती. तरीही एका वाणातील काही जीवाणूंत दुसऱ्याचा गुण उतरला. गाळणीतून पार झालेला वाहक होता विषाणू!

विषाणू जीवाणूत शिरून स्वतःच्या प्रती घडवतो. नव्या कवचांत त्याची जनुके भरली जात असता क्वचित जीवाणूच्याच डीएनएचा तुकडा भरला जातो. असे कवच पुढच्या जीवाणूला मारत नाही. त्याला नवा गुण देते. या क्रियेस ‘ट्रान्सडक्शन’ म्हणतात.

काही विषाणू तर जीवाणूच्या डीएनएतच मुक्काम करतात. घटसर्पाचे विष घडवणारे जनुक अशाच विषाणूचे आहे.

गळवे निर्माण करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जीवाणूंत प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुणही विषाणूंमार्फत पसरतो. अनावश्यक औषधाने दुर्बल जीवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांची जनुके वाहून नेण्यास विषाणू सिद्धच असतात. म्हणूनच प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत. एका घरातील निष्काळजीपणाचे फळ तेवढ्याच घरापुरते राहत नाही.