हिमसागरातील तेलाचे मोल

उत्तर ध्रुवाभोवती अद्याप न सापडलेले सुमारे 90 अब्ज पिंपे तेल असावे, असा अंदाज अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने 2008 साली वर्तविला. त्याच वर्षी शेल कंपनीने अलास्कालगतच्या चुकची समुद्रातील पट्टे सुमारे दोन अब्ज डॉलर मोजून घेतले होते. पुढे काय घडले, हे तेलाच्या नुसत्या अंदाजाने हुरळणाऱ्यांनी मुद्दाम पाहावे.

2012 च्या डिसेंबरात कंपनीचा ‘कुल्लुक’ हा खोदकामाचा तरंगता फलाट सिएटलकडे ओढून नेला जात असता वादळात सापडला. ओढणाऱ्या जहाजाची इंजिने बंद पडली, दोर तुटला, अठरा माणसांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले आणि 31 तारखेला फलाट खडकाळ किनाऱ्यावर जाऊन रुतला. नववर्षापूर्वी अलास्काची हद्द सोडल्यास तेथील कर वाचेल, हा हिशेबही या घाईमागे होता, असे तटरक्षक दलाच्या चौकशीत नमूद आहे. अब्जावधी ओतणाऱ्याने अखेर कराच्या रकमेसाठी भर हिवाळ्यात समुद्र अंगावर घ्यावा, याला काय म्हणावे? 2015 साली खणलेल्या विहिरीत पुरेसे तेल लागले नाही आणि सुमारे सात अब्ज डॉलर पाण्यात घालून कंपनीने गाशा गुंडाळला.

सांडलेल्या तेलाचा हिशेब याहून कठोर आहे. 1989 मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ जहाजातून सुमारे 4 कोटी लिटर तेल अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर पसरले. तेथे पाणी मोकळे होते, बंदर जवळ होते. तरीही गोट्यांखाली ते तेल कित्येक दशकांनंतर सापडत राहिले. चुकचीत हेच हिवाळ्याच्या तोंडावर घडले असते तर? दिवसचे दिवस अंधार, बर्फाखाली अडकलेला तवंग आणि तटरक्षक दलाचा कायमचा तळ दीड हजार किलोमीटरांवर! दर पावसाळ्यापूर्वी डांबराच्या गोळ्यांनी काळवंडणारी वाळू पाहणाऱ्या गोमंतकीयांना अधिक सांगणे नको.

हा प्रश्न परक्यांचाच आहे, असेही नव्हे. 2016 साली आपल्या सरकारी तेल कंपन्यांनी सैबेरियातील, ध्रुववृत्तापलीकडच्या वांकोर क्षेत्रात मिळून 49.9 टक्के भाग घेतला. ते खोदकाम जमिनीवरचे, म्हणून धोका निराळा. परंतु 2022 च्या युद्धानंतर लाभांशाच्या रकमा रशियन बँकांत अडकून पडल्या, तो धोका कोणी मोजला होता? इकडे वास्कोचे राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र स्वालबार्डमधील ‘हिमाद्री’ हे ठाणे चालविते आणि तेथून त्या प्रदेशातील बदलांचा अभ्यास होतो. उत्तरेकडील तेलात आणखी एक रुपया घालण्यापूर्वी या केंद्राचे मत मागवून ते संसदेपुढे ठेवावे, अशी आमची मागणी आहे.