हाताला, कानाला, नाकाला मानवणारी भेट

भाऊबीज आली की दिव्यांग भावासाठी किंवा भाच्यासाठी काय घ्यावं, हा प्रश्न पडतो. बहुतेक घरांत तो दिवे लागणारं, गाणी वाजवणारं एखादं खेळणं आणून सुटतो आणि महिन्याभरात ते माळ्यावर जातं. प्रेम कमी पडलेलं नसतं, काही समजुती आड येतात.

गैरसमज : स्वमग्न मुलांना दिवे आणि आवाज आवडतातच.

स्वमग्नतेत संवेदना दोन्ही टोकांच्या असू शकतात. कुणाला कुकरची शिट्टी सोसत नाही, तर कुणी मिक्सरला कान लावून उभं राहतं. एकाच मुलाला आवाज नकोसा आणि घट्ट मिठी हवीशी, असंही असतं. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानग्रंथाने संवेदनांमधला हा फरक स्वमग्नतेच्या निकषांत घेतला. म्हणून निदानाचं नाव बघून खरेदी करू नका, माणूस बघा. तो स्वतःहून कशाकडे वळतो? आईच्या साडीचा काठ कुरवाळतो, तांदळाच्या डब्यात हात घालून बसतो की झोपाळ्यावरून उतरतच नाही? काठ कुरवाळणाऱ्याला खण, मखमल, खादीचे तुकडे जोडून छोटी गोधडी शिवून द्या. कॉलर चावणाऱ्याला चावण्यासाठीच बनवलेली सिलिकॉनची वस्तू मिळते. त्याची आई किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट नेमकं सांगू शकतील. त्याला स्वतःला बोलून किंवा खुणांनी सांगता येत असेल, तर पहिला प्रश्न त्यालाच विचारा.

गैरसमज : अंधांना रंग कशाला, बहिऱ्यांना वाद्य कशाला?

अंध म्हणून नोंद झालेल्या बहुतेकांना थोडाफार उजेड, आकार किंवा रंग जाणवतो. मेंदूतल्या इजेमुळे दृष्टी अधू झालेल्या मुलांना भरगच्च नक्षीपेक्षा लाल किंवा पिवळ्या अशा एकाच ठळक रंगाची वस्तू, साध्या काळ्या कापडावर ठेवलेली, अनेकदा लवकर दिसते. आणि कंपनं तर सगळ्या अंगाला कळतात. जवळजवळ पूर्ण बहिऱ्या असलेल्या स्कॉटिश तालवादक एव्हलिन ग्लेनी अनवाणी वाजवतात, कारण नाद त्यांच्यापर्यंत पायांतूनही पोहोचतो.

गैरसमज : वय वाढलं तरी मन मुलाचंच.

तीस वर्षांच्या माणसाला खुळखुळा देऊ नये. तोच स्पर्श, तोच नाद त्याच्या वयाला शोभेल अशा वस्तूतून द्यावा : लाकडी मण्यांची माळ, मऊ लोकरी शाल, छोटी डफली.

गैरसमज : अशा वस्तूंनी अपाय होत नाही.

होतो. बटणासारखा चपटा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटात गेले, तर आतडं बंद पडू शकतं. वजनदार पांघरूण ज्याला स्वतः बाजूला सारता येत नाही, त्याला देऊ नये. काहींची फेफरं लुकलुकत्या दिव्यांनी सुरू होतात. स्पायना बायफिडा असलेल्या मुलांत लॅटेक्सची अॅलर्जी बरीच आढळते, तेव्हा वाढदिवसाचे फुगेही विचारून आणा.

गैरसमज : चकचकीत कागद आणि भरपूर सेलोटेप म्हणजे छान बांधणी.

इथे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल अचानक आवाजाने दचकू शकतं, जिलेटिनच्या कागदाची करकर त्याला पुरते. बोटांची पकड कमजोर असेल तर सेलोटेप निघतच नाही, मग दुसरंच कुणीतरी पुडकं फोडतं आणि ज्याची भेट तो बघत बसतो. त्यापेक्षा रुंद तोंडाची कापडी पिशवी घ्या, नाडीला मनगट जाईल एवढा फास ठेवा. ओढणीची एकच सैल गाठही चालते. ज्याला कागद फाडण्यातच आनंद आहे, त्याच्यासाठी जुनं वर्तमानपत्र गुंडाळून एक कोपरा मोकळा सोडा. दृष्टिहीन व्यक्तीच्या पिशवीवर मोठं बटण शिवा, म्हणजे आपली पिशवी कोणती ते चाचपून कळेल. अत्तर शिंपडू नका. वस्तू आधीच खोक्यातून काढा, प्लास्टिकच्या पट्ट्या कापा, सेल घालून झाकणाचा स्क्रू घट्ट करा.

अनपेक्षित गोष्टींनी बिथरणाऱ्या व्यक्तीला आदल्या दिवशी भेटीचा फोटो दाखवला तर काही बिघडत नाही. सगळ्या नातेवाइकांसमोर, टाळ्यांच्या गजरात ती उघडलीच पाहिजे, असंही नाही. पिशवी त्याच्या हाती द्या, लागेल तेवढा वेळ लागू द्या आणि त्याने मागितली तरच मदत करा.